फडाचे जांभळे कागद

वना झुलाल हा माणूस धुळ्यात राहायचा खरा, पण त्याचा अर्धा मुक्काम कायम दुसरीकडेच असायचा. देवपुरातल्या एका कॉलेजात तो इतिहास शिकवायचा. फळ्यावर सन लिहिता लिहिता हात मध्येच थांबायचा, नजर खिडकीबाहेरच्या कडुनिंबात अडकायची, आणि पोरं समजून जायची की सर गेले. पण गंमत अशी की पोरं वर्गातून पळून जायची नाहीत. सर परत यायचे तेव्हा काहीतरी सोबत घेऊन यायचे. एखाद्या गावच्या वेशीवर शंभर वर्षांपूर्वी कोण बसायचं, बाजारात भेंडीचा भाव काय होता, पाऊस लांबला तेव्हा लोक काय बोलले. परीक्षेत यातलं काहीच विचारत नसत. तरी पोरं ऐकत बसायची.

ही सवय त्याला लागली ती बापामुळे. साक्रीच्या रस्त्याला, पांझरेच्या काठावर त्याचं गाव. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि त्या पाटावर भिजणारे चार फड. फड म्हणजे अनेकांच्या शेतांचा मिळून एक पट्टा. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी सगळ्यांनी वाटून घ्यायचं, आणि वाटणी नीट होते की नाही ते गावच्या पंचांनी बघायचं. सरकारचा या कारभाराशी काडीचाही संबंध नव्हता. वनाचा बाप झुलाल हा पाटकरी. कोणाच्या बांधाला पाणी कधी फोडायचं, कधी अडवायचं, हे त्याच्या हातात. आणि झुलालला एक खोड होती, जी दुसऱ्या कुठल्या पाटकऱ्याला नव्हती: तो सगळं लिहून ठेवायचा.

"पाणी कोनाकडे गयं, कोनाकडे नही, हाई लिखेल पाहिजे," तो पोराला सांगायचा. "नही ते उद्या भांडन."

बांधावर उकिडवं बसायचं, मांडीवर लाकडी फळी घ्यायची, आणि कॉपिंग पेन्सिलीचं टोक जिभेला लावून दाबून दाबून लिहायचं. ओलं टोक कागदाला लागलं की अक्षर जांभळं उमटायचं. झुलालची जीभ बारा महिने जांभळी असायची, आणि लहानपणी वनाला वाटायचं की सगळ्यांचे बाप असेच असतात. पाण्याच्या हिशेबात झुलाल मध्येच भलतंच काही लिहून जायचा. ‘आज पाटावर बगळे बसले, पाणी उशिरा सोडलं.’ ‘पाटात मासे फार. पोरांनी धुमाकूळ घातला.’ पंच हसायचे, पण कागद तांबड्या फडक्यात बांधून ठेवायचे. अशा बांधलेल्या गठ्ठ्याला दप्तराच्या भाषेत रुमाल म्हणतात, हे वनाला फार पुढे कळलं.

झुलाल गेला. हळूहळू ज्याने त्याने आपल्या शेतात विहीर खणली, मोटार बसवली, आणि पाटाकडे बघायला कोणाला वेळ उरला नाही. तेव्हा पंचांतले सगळ्यात थोरले उखर्डू आबा एके दिवशी बैलगाडीतून रुमाल घेऊन थेट देवपूरला आले. वना तेव्हा पीएच.डी.साठी विषय शोधत होता.

"आते फड राह्यना नही," आबा म्हणाले. "कागद राह्यनात. तू शिकेल शे. तूच सांभाळ. पन ध्यानमा ठेव, हाई गावनं शे. वाचनं व्हयनं का परत आनी दे."

वनाला विषय मिळाला. विषय कसला, बापच परत मिळाला म्हणा ना. खेड्यातली माणसं आपला कारभार लिहून कसा ठेवत, काय जपत, काय टाकून देत, यावर त्याचा प्रबंध होणार होता. ‘अभिलेखशास्त्र’ हा शब्द तो तेव्हा नुकताच शिकला होता आणि येता-जाता वापरायचा. कॉलेजातले लोक त्याला ‘रद्दीशास्त्र’ म्हणायचे. त्याचा सोबती रुपचंद तर त्याला भर स्टाफरूममध्ये विचारायचा, "काय वनाभाऊ, आज किलोला काय भाव?" वना हसायचा. त्याचा अर्धा जीव पाटावर असायचा, त्याला काय फरक पडतो!

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याला दिल्लीला जायची संधी आली. जुने कागद कसे सांभाळावेत याचा काही आठवड्यांचा वर्ग होता. रुमाल पलंगाखाली सरकवून, यशोदेला ‘लक्ष ठेव’ एवढंच सांगून तो निघाला.

यशोदा त्याची बायको, चोपड्याकडची, केळीच्या बागेत वाढलेली. चौथीत शाळा सुटली होती. अक्षर ओळखायची, पण वाचायला बसली की पेंगायची. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती बोलत नसे, पण घरातली प्रत्येक वस्तू ती अशी निगराणीत ठेवायची की बघणाऱ्याच्या लक्षात यायचं. नवरा आपला नाही, पाटावरच्या बगळ्यांचा आहे, असं ती शेजारणींना सांगायची आणि वर हसायची. तिचा त्याच्यावर जीव होता, आणि त्या जिवाला करायला फारसं काम नव्हतं.

वना गेल्यावर तिनं झाडताना पलंगाखालचे रुमाल ओढले. कुबट वास आला. एक गाठ सोडून बघितली तर कागदांतून कसर पळाली. ती मनाशी म्हणाली, एवढ्या विश्वासानं सोपवून गेले आहेत, आणि आल्यावर भुगा हातात द्यायचा?

वैशाख चालू होता. देवपुरातल्या प्रत्येक गच्चीवर काही ना काही वाळत होतं. पापड, कुरडया, मिरच्या, उडदाची डाळ, लग्नघरच्या गाद्या. खान्देशात वस्तू खराब व्हायला लागली की तिला उन्हात घालतात, आणि इथलं ऊन असं की ते कोणाला नाही म्हणत नाही. यशोदेनं गच्ची धुतली, जुनी लुगडी अंथरली, आणि फडाचे सगळे कागद सुटे करून मांडले. उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा ठेवला. रोज सकाळी मांडायचे, दुपारी उलटायचे, संध्याकाळी क्रमानं गोळा करायचे. क्रम चुकू नये म्हणून ती गच्चीच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि तिथेच येऊन संपवायची. शेजारणी विचारायच्या, हे कसले ग पापड? ती म्हणायची, आमच्या ह्यांचे.

त्याच दिवसांत दिल्लीत पंख्याखाली बसून वना वहीत लिहून घेत होता: ‘कागदाचा पहिला वैरी पाणी, दुसरा कीड, तिसरा सूर्यप्रकाश. रंगीत शाई व कॉपिंग पेन्सिल उन्हाने उडते. कागद नेहमी सावलीत, वाऱ्यावर सुकवावेत.’ लिहिताना तो मध्येच थांबला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला वाटलं, घरी गेल्यावर यशोदेला हे सांगायला हवं.

तो परतला तेव्हा यशोदा दारातच उभी होती. चपलाही काढू दिल्या नाहीत.

"यी ग्यात का? आधी वर चला. काय करी ठेयेल शे ते दखा."

गच्चीवर दुपारचं पांढरं ऊन होतं. लुगड्यांवर ओळीनं कागद. वनानं वाकून एक उचलला, मग दुसरा, मग तिसरा. कागद कोरे होते. कुठे कुठे राखाडी सावलीसारखं काही, बाकी काही नाही. बापाची सगळी जांभळी अक्षरं उन्हानं पिऊन टाकली होती.

"कसर लागेल व्हती. वासबी कितला!" यशोदा म्हणत होती. "बठ्ठा कागद उन्हमा तपाडात. आते दखा, पापडना मायक खडखडीत व्हयी ग्यात. पहिले जांभळा, मळकट दिसेत, आते कसा पांढरा दिसतस!"

तिचा चेहरा उन्हानं काळवंडला होता, ओठ फाटले होते, आणि ती अशी खुश होती की लग्नानंतर तिला तितकं खुश त्यानं पाहिलं नव्हतं. तोंडाशी आलेलं त्यानं गिळलं.

"बरं करं," तो म्हणाला.

एवढे दोनच शब्द. पण एकदा बोलून गेल्यावर ते मागे घेणं त्याला जमलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

त्यानंतरचे काही आठवडे वना खरोखरच कुठे होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो कॉलेजला जायचा, जेवायचा, झोपायचा. झोपेत त्याला पाट दिसायचा. पाटातून जांभळं पाणी वाहत यायचं, बांधावर बाप उकिडवा बसलेला असायचा आणि म्हणायचा, लिहून घे रे, चाललं बघ. वना पेन्सिल शोधायचा आणि पेन्सिल सापडायची नाही.

मग पावसाळा संपता संपता एके दिवशी तो गच्चीवर बसला होता. हातात एक कोरा कागद, उगाच. सूर्य पांझरेपलीकडे पार खाली उतरला होता आणि उजेड आडवा येत होता. कागद हलला आणि वनाला त्यावर रेघा दिसल्या. कागद थोडा तिरका केला. झुलाल दाबून लिहायचा ना, मांडीवरच्या त्या लाकडी फळीवर! रंग उडाला होता, पण पेन्सिलीच्या टोकाचे चर कागदात तसेच होते, आणि आडव्या उजेडात प्रत्येक चराची एक बाजू काळी पडत होती. ‘फड दुसरा. पाणी सोडलं.’ वनाला रडू आलं. त्यानं ते येऊ दिलं, कारण गच्चीवर कोणी नव्हतं.

तेव्हापासून त्याचा दिवस दोनच वेळा उगवायचा. सकाळी ऊन कोवळं असताना आणि संध्याकाळी ते उतरताना. मधल्या वेळात कागद मुके असायचे. कंदिलाचा उजेड आडवा धरून बघितला, बॅटरी धरून बघितली, पण हात हलायचा, सावली हलायची, आणि अक्षर निसटायचं. स्थिर असायचं ते ऊनच. त्या थोड्या वेळात कधी चार ओळी लागायच्या, कधी एकच शब्द. ढगाळ दिवस फुकट जायचा. आणि वना वाचता वाचता निघून जायचा. एखादी ओळ लागली की तो बंधाऱ्यावर जाऊन उभा राहायचा, पाण्यात पाय सोडायचा, बगळे मोजायचा. परत येईपर्यंत दिवस बुडालेला असायचा. हा माणूस मुळातच हळू, त्यात हे काम असं. दोन वर्षांत होणारा प्रबंध लांबत चालला.

यशोदेला वाटायचं, ह्यांना संध्याकाळी गच्चीवर बसायची आवडच लागली आहे. ती चहा आणून ठेवायची. जवळ बसायला लागली की वना कागद बाजूला सारायचा आणि इकडचं तिकडचं बोलायचा. तिनं कागदाकडे नीट बघू नये, एवढंच त्याच्या मनात असायचं. ती थोडा वेळ थांबायची, मग कप उचलून खाली जायची. असं कितीतरी वेळा झालं. पुढे पुढे ती चहा जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून हाक मारायला लागली.

रुपचंदनं मधल्या काळात आपला प्रबंध संपवला आणि विभागप्रमुखाची जागाही पटकावली. ती जागा खरं तर वनाची होती. घरी यशोदा फणकारली.

"रुपचंदभाऊ पुढे निंघी ग्यात, आन तुम्ही आपला गच्चीवर बठेल. आसा आळशी मानूस मी दखेल नही."

असं वनानं पुष्कळ ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात स्वतःला शहाणा समजत राहिला. मी सोसतो म्हणून हिला सोसावं लागत नाही, असा त्याचा हिशेब होता. पुरुषांना असे हिशेब फार आवडतात.

गावात मात्र सांगणं भाग होतं. कागद गावचे होते. तो एकदा जाऊन उखर्डू आबांपुढे बसला आणि म्हणाला, माझ्या हातून झालं, मी उन्हात ठेवले.

"तुना हातनं?" आबा म्हणाले. "झुलालना पोऱ्याना हातनं?"

वनाच्या पुढ्यात ताटही आलं, पाणीही आलं. पण पूर्वी गावात गेला की माणसं त्याला घेरायची, झुलालच्या गोष्टी सांगायची, ते थांबलं. एक्क्याण्णव साली प्रबंध पुरा झाला. त्यात कागदांच्या स्थितीबद्दल एकच वाक्य होतं: ‘दीर्घकाळ उन्हात राहिल्यामुळे अक्षरे उडालेली आहेत.’ कोणी ठेवले, का ठेवले, काही नाही. जणू कागद आपल्या पायांनी गच्चीवर चढले. प्रबंध तपासणाऱ्यांनी आडव्या उजेडात वाचायच्या त्याच्या रीतीचं तोंड भरून कौतुक केलं. वनानं सगळे कागद लोखंडी पेटीत भरून आबांकडे परत पोचवले.

तोवर जळगावला नवं विद्यापीठ झालं होतं. जुनी दप्तरं कशी लावावीत, काय ठेवावं आणि काय नष्ट करावं, हे शिकवणारा वर्षाचा एक अभ्यासक्रम सुरू करावा असं वनानं लिहून दिलं आणि कोणालाच खरं वाटलं नाही, पण तो मंजूर झाला. भाड्याच्या इमारतीतली एक खोली, वर पत्रा, आणि विद्यार्थी म्हणाल तर बहुतेक नोकरदार. पेढीवरचे कारकून, सूतगिरणीचे टंकलेखक, ग्रंथालयातले मदतनीस. वना धुळ्याहून एस.टी.नं जायचा. पारोळा, एरंडोल, दोन्ही बाजूंना कपाशी, आणि खिडकीला डोकं टेकलेला वना. कंडक्टर त्याला ओळखायचा आणि जळगाव आल्यावर खांद्याला हात लावून उठवायचा. झोपलेला नसायचा तो. नुसता गेलेला असायचा.

वर्गात त्याचा एक नियम होता. पहिल्या दिवशी तो हाच सांगायचा आणि वर्षभर सांगत राहायचा: कागद कोणाच्या हातून आला, त्याचं काय झालं आणि कोणी केलं, हे खरं लिहा. ते लपवलंत तर कागद असूनही खोटा.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये यशोदेनं हट्टच धरला. इतकी वर्षं झाली, तुम्ही शिकवता कसं ते मला एकदा बघायचंय. वनाला हसू आलं, बरंही वाटलं. ती इस्त्रीचं लुगडं नेसून त्याच्याबरोबर एस.टी.त बसली आणि वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पोरांनी उठून नमस्कार केला तर ती लाजली.

त्या दिवशी विषय निघाला कीड आणि दमट हवेचा. पुढच्या बाकावर शहनाज नावाची मुलगी होती. एका लहानशा नगरपालिकेत ती जन्ममृत्यूच्या नोंदी सांभाळायची. तिनं हात वर केला.

"सर, आमच्याकडे जुनी रजिस्टरं फार दमट झालीत. जांभळ्या पेन्सिलीचीच आहेत पुष्कळ. साहेब म्हणतात, येत्या मे महिन्यात सगळी गच्चीवर उन्हात टाकू. चालेल ना?"

वना उत्तर देणार तोच मागून आवाज आला.

"चालस ना, बेटा! आम्हीबी आसंच करं व्हतं. काही व्हस नही."

वर्ग मागे वळून हसला. प्रेमानंच हसला. यशोदाही हसली. वना फळ्यापाशी खडू धरून उभा होता. एरवी अशा वेळी तो खिडकीतून निघून गेला असता, पण आज जायला जागा नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे एक अख्खं गाव आलं. त्यातली जन्मलेली पोरं, गेलेली माणसं, सगळी गच्चीवर ओळीनं मांडलेली, आणि मे महिन्याचं ऊन. शहनाज पेन उघडून वाट बघत होती. त्याला वाटलं, उत्तर तासानंतर एकटीला सांगावं. पण मग बाकीच्यांच्या वहीत ‘काही व्हस नही’ हेच राहिलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "चालणार नाही. उन्हात घालायचे नाहीत. जांभळं अक्षर उन्हात राहत नाही. पंधरा दिवसांत कागद कोरा होतो, पांढरा होतो, आणि उडालेला रंग मग कोणी परत आणू शकत नाही. सावलीत, वाऱ्यावर सुकवायचे. साहेबांना सांगा. ऐकलं नाही तर मी येतो सांगायला."

शहनाजनं लिहून घेतलं. सगळ्यांनीच घेतलं. वनानं शेवटच्या बाकाकडे बघितलं नाही.

एस.टी.त यशोदा खिडकीपाशी बसली. एरंडोल गेलं, पारोळा आलं. एरवी ती पारोळ्याच्या स्टँडवर शेंगा घ्यायची. शेंगावाला खिडकीखाली ओरडून निघून गेला.

गाडी सुटल्यावर ती म्हणाली, "ते कागद मी बिघाडात ना?"

"जाऊ दे ना. व्हयनं ते व्हयनं."

"माले वाटे, पांढरा व्हयी ग्यात म्हंजे चांगला व्हयनात." ती थोडी थांबली. "मंग इतला वरीस गच्चीवर काय वाची राह्यंतात तुम्ही?"

त्यानं सांगितलं. चर, आडवं ऊन, ढगाळ दिवस, सगळं. सांगता सांगता त्याला वाटलं की आता ही रडेल आणि आपण समजूत काढू. त्यानं समजुतीची वाक्यंही तयार ठेवली होती.

"आन गावमा काय सांगं?"

"मना हातनं व्हयनं, आसं सांगं."

यशोदेनं मान वळवून पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. राग एवढा होता की तिचा आवाज खाली गेला.

"मी चहा ली येऊ, तव्हय तुम्ही कागद झाकी टाकेत. माले वाटे, मी आडानी, म्हनीसन माले दखाडतस नही. इतला वरीस मी जिनावर कप ठी ठी खाले जाऊ. तुमले आळशी म्हनू, आन तुम्ही आयकी लेत. चूक मनी व्हती. माले सांगतात ते रडतू, जेवतू नही दोन दिन, मंग तुमना जवळ येईसन बसतू. कागद धरतू." तिनं पदर आवळून घेतला. "मनी चूक शे ती. माले परत द्या."

वनाच्या समजुतीच्या वाक्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं. इतकी वर्षं आपण हिला सांभाळलं असं तो समजत होता, आणि हिला मात्र आपण एकटं पाडलं होतं. हे त्याला तिथेच, कपाशीच्या त्या शेतांमधून जाताना कळलं आणि ते फार लागलं.

धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर ती देवपूरच्या रिक्षांकडे वळलीच नाही. साक्रीकडे जाणारी गाडी कुठे लागते ते तिनंच एका हमालाला विचारलं.

उखर्डू आबा ओट्यावर बसले होते. आता ऐकायला कमी येत होतं. यशोदेनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि समोर बसून मोठ्यानं सांगितलं, गल्लीतल्या चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं: कागद ह्यांनी नाही, मी उन्हात घातले. कसर लागली होती म्हणून घातले. मला ठाऊक नव्हतं.

आबा वनाकडे वळले.

"मंग हाऊ काबर खोटं बोलना?"

उत्तर यशोदेनंच दिलं. "त्यासले वाटनं, मी रडसू."

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, सुनेनं पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी स्वतः उठून आतली पेटी ओढत आणली आणि वनाला म्हणाले, बस इथे. तुझा बाप इथेच बसायचा.

पेटी उघडली. यशोदेनं कागदांना हात लावला नाही. ती वनाला म्हणाली, "लिखा."

"काय?"

"उन्हमा कोनी टाकात ते लिखा. मनं नाव टाका. तुम्हीच सांगतस ना पोरसले, खरं लिखा म्हनीसन."

वनानं खिशातून पेन काढलं, एक कोरा कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं. फडाच्या त्या सगळ्या कागदांत पाटकरी होते, पंच होते, बाप्ये होते, पोरं होती, मासे आणि बगळे होते. बाईचं नाव त्यात कुठे आलं नव्हतं. त्यानं लिहून वाचून दाखवलं: ‘हे कागद सन १९८४च्या वैशाखात सौ. यशोदाबाई वना, राहणार देवपूर, यांनी गच्चीवर उन्हात वाळवले. त्यामुळे अक्षरे उडाली.’

ती नीट ऐकत होती, पेंगत नव्हती. संपल्यावर थोडी पुढे सरकली.

"चांगला मनथीन करं," ती म्हणाली, आणि आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं, "हाईबी लिखा."

कागदाच्या नोंदीत हेतू लिहायचा नसतो, फक्त काय झालं तेवढं लिहायचं, असं वना वर्गात शिकवायचा. त्यानं ते लिहिलं.